आंसेल्म पायेन

आंसेल्म पायेन (जन्म : ६ जानेवारी १७९५, पॅरिस, मृत्यू : १२ मे १८७१, पॅरिस) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, कारखानदार आणि औद्योगिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८३३ मध्ये झां-फ्रांस्वा पेर्सो यांच्यासह त्यांनी मोड आलेल्या जवापासून डायास्टेज हा पदार्थ वेगळा केला. सजीवापासून घन स्वरूपात अलग केलेले हे पहिले एंझाइम (विकर) मानले जाते. त्यानंतर पाच वर्षांनी, १८३८ मध्ये, वनस्पतींच्या पेशीभित्ती ज्या पदार्थाच्या बनलेल्या असतात तो पदार्थ त्यांनी लाकडापासून शुद्ध केला. हाच पदार्थ पुढे सेल्युलोज या नावाने प्रसिद्ध झाला. विकरांच्या नावांच्या अखेरीस येणारा 'एज' हा प्रत्यय डायास्टेज या शब्दावरून रूढ झाला. त्यामुळे सेल्युलोजचे विघटन करणाऱ्या विकरांच्या कुलाला आज जे 'सेल्युलेज' हे नाव आहे, त्याचे दोन्ही अवयव पायेन यांच्याच कार्यातून आलेले आहेत. मात्र सेल्युलेज विकरांचा शोध त्यांनी लावलेला नाही, आणि त्यांच्या हयातीत या विकरांचा पद्धतशीर अभ्यासही सुरू झाला नव्हता.

बालपण आणि शिक्षण

पायेन यांचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीच्या काळात झाला. त्यांचे वडील झां-बाप्तिस्त पायेन यांनी वकिलीचे शिक्षण घेतले होते, पण त्यांचा ओढा रासायनिक कारखानदारीकडे होता. पॅरिसच्या नैऋत्येस, त्या वेळी शहराबाहेर असलेल्या ग्रनेलच्या मैदानावर त्यांनी नवसागर तयार करण्याचा कारखाना उभारला होता. हाडे, शिंगे व इतर प्राणिज अवशेष बंद भांड्यात तापवून त्यांपासून निघणाऱ्या अमोनियायुक्त वाफांचा त्यात उपयोग केला जाई. पुढे त्यांनी बीटपासून साखर बनविण्याच्या धंद्यातही पाऊल टाकले.

मुलाचे शिक्षण प्रारंभी त्यांनी घरीच करविले. वयाच्या तेराव्या वर्षापासून पायेन वडिलांच्या हाताखाली विज्ञान शिकू लागले. नंतर लुई-निकोला व्होक्लँ आणि मिशेल-युजेन शव्हरल या नामवंत रसायनशास्त्रज्ञांकडे त्यांनी रसायनशास्त्राचे धडे घेतले. व्होक्लँ यांनी क्रोमियम व बेरिलियम ही मूलद्रव्ये शोधली होती, तर शव्हरल हे स्निग्ध पदार्थांच्या रासायनिक अभ्यासासाठी ओळखले जातात. वनस्पतिज व प्राणिज पदार्थांचे एकेक घटक विद्रावकांच्या साहाय्याने सोडवून वेगळे काढण्याची जी पद्धत शव्हरल यांनी घालून दिली, तिचा प्रभाव पायेन यांच्या पुढील सर्व संशोधनावर स्पष्ट दिसतो.

टाकणखार आणि बीट साखर

विशीत असतानाच पायेन यांच्याकडे टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) कारखान्याची व्यवस्था आली. टाकणखार हा सोनारकामात डाख देण्यासाठी, तसेच काच व चिनी मातीच्या भांड्यांवरील झिलईसाठी लागणारा महत्त्वाचा पदार्थ. त्या काळी युरोपला होणारा त्याचा पुरवठा मुख्यतः तिबेटमधील सरोवरांच्या काठी मिळणाऱ्या कच्च्या क्षारावर अवलंबून होता. हा क्षार हिमालयाच्या घाटांतून हिंदुस्थानात उतरे आणि तेथून जहाजांनी युरोपात जाई. युरोपीय व्यापारात त्यास 'टिंकल' म्हणत. मराठी 'टाकण' आणि हा 'टिंकल' या दोहोंचे मूळ संस्कृत 'टंकण' या शब्दात आहे. युरोपात त्याच्या शुद्धीकरणाची मक्तेदारी डच व्यापाऱ्यांकडे होती व किंमत तेच ठरवीत.

इटलीतील टस्कनी प्रांतात जमिनीतून निघणाऱ्या उष्ण वाफांच्या डबक्यांत बोरिक अम्ल सापडते, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच कळले होते. पायेन यांनी हे अम्ल आणि सोडा यांच्या अभिक्रियेतून टाकणखार कृत्रिमरीत्या बनविण्याची व्यवहार्य पद्धत बसविली. कृत्रिम टाकणखार प्रचलित दराच्या सुमारे एक-तृतीयांश किमतीला विकणे त्यांना शक्य झाले आणि डच मक्तेदारी मोडली. बोरॅक्सच्या स्फटिकांमधील पाण्याचे प्रमाण स्फटिकीभवनाच्या तापमानानुसार बदलते, याचाही त्यांनी अभ्यास केला.

१८२० मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर व्होजिरार येथील साखर कारखान्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. नेपोलियनच्या काळात ब्रिटिश आरमाराशी चाललेल्या संघर्षामुळे वेस्ट इंडीजमधील उसाची साखर फ्रान्सला मिळेनाशी झाली होती व त्यातून बीट साखरेच्या धंद्याला सरकारी उत्तेजन मिळाले होते. नेपोलियनच्या पाडावानंतर उसाची स्वस्त साखर पुन्हा बाजारात आली आणि बीटचे बहुतेक कारखाने अडचणीत सापडले. बीटच्या रसापासून निघणारी साखर काळपट असे व तिला उग्र वास येई. ती पांढरी व स्वच्छ करता आली, तरच धंदा टिकणार होता.

नवसागराच्या कारखान्यात हाडांचा जो जळका, काळा अवशेष उरे, तो या कामी आला. रसातील रंगद्रव्ये शोषून घेण्याची शक्ती लाकडी कोळशापेक्षा हाडांच्या कोळशात कितीतरी अधिक असते. चार्ल्स डेरोन यांनी पायेन पितापुत्रांच्या कारखान्याच्या सहकार्याने हा कोळसा साखर शुद्धीकरणात आणला होता. ही क्रिया नेमकी कशी घडते, याचा शोध आंसेल्म पायेन यांनी घेतला. कोळशाची शक्ती त्याच्यातील कार्बनच्या बारीक विभागणीवर अवलंबून असते, आणि रंगाबरोबर तो रसातील चुनाही ओढून घेतो, असे त्यांनी दाखविले. १८२२ मधील या विषयावरील त्यांच्या प्रबंधाला पॅरिसच्या औषधिनिर्माण संस्थेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. कोळशाची रंग काढण्याची शक्ती मोजण्यासाठी त्यांनी 'डीकलरीमीटर' नावाचे उपकरणही तयार केले. साखर कारखान्यात वापरून झालेला कोळसा शेतकऱ्यांना खत म्हणून विकला जाऊ लागला. एका कारखान्याचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, ही दृष्टी पायेन यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

डायास्टेजचा शोध

स्टार्चपासून साखर बनते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी माहीत झाली होती. सेंट पीटर्झबर्ग येथील गॉटलीब किर्खहोफ यांनी १८११ च्या सुमारास सौम्य गंधकाम्लाबरोबर स्टार्च उकळून साखर मिळविली होती, आणि काही वर्षांनी धान्यातील ग्लुटेनच्या सान्निध्यातही हा बदल घडतो असे नोंदविले होते. मद्य गाळणाऱ्यांना तर पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने ठाऊक होते, की मोड आणून वाळविलेला जव, म्हणजे माल्ट, मिसळल्याखेरीज धान्याचा काढा गोड होत नाही आणि आंबतही नाही. पण माल्टमधील कोणता पदार्थ हे कार्य करतो, हे कोणी सांगू शकत नव्हते. पायेन यांनी ए. शव्हालिए यांच्यासह बटाट्यावर एक ग्रंथ लिहिला होता आणि बटाट्याच्या स्टार्चपासून साखरेचा पाक बनविण्यात त्यांना कारखानदार म्हणूनही रस होता. त्यांचे सहकारी पेर्सो (१८०५-१८६८) हे मूळचे स्वित्झर्लंडमधील तरुण रसायनशास्त्रज्ञ होते.

दोघांनी वापरलेली कृती आजही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करून पाहता येण्याजोगी आहे. मोड आलेला जव कुटून थंड पाण्यात भिजवावयाचा, पिळून गाळावयाचा आणि तो द्रव सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचा. या तापमानाला इतर नायट्रोजनयुक्त पदार्थांचा बराचसा भाग साकळून खाली बसतो. तो गाळून टाकल्यावर द्रवात भरपूर अल्कोहॉल ओतले असता पांढरा साका मिळतो. तो पाण्यात विरघळवून पुन्हा अल्कोहॉलने खाली बसविला आणि कमी उष्णतेवर वाळविला, की पांढरी, रवाहीन भुकटी हाती येते. या भुकटीचा एक भाग २,००० भाग स्टार्चचे द्रावण करण्यास पुरतो, असे त्यांना आढळले. भुकटीचे द्रावण एकदा उकळले की तिचा गुण कायमचा नाहीसा होतो, हेही त्यांनी नोंदविले. न मोडलेल्या जवात हा पदार्थ मिळाला नाही. मोड आलेल्या जवात, गव्हात व ओटमध्ये तो मिळाला, आणि बटाट्यात तो डोळ्यांच्या आसपासच असल्याचे दिसले. म्हणजे, अंकुराला अन्न हवे असते त्या वेळी व त्या जागी हा पदार्थ उत्पन्न होतो.

त्यांनी या भुकटीस डायास्टेज असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वेगळे करणे' असा आहे. स्टार्चचा प्रत्येक कण म्हणजे न विरघळणाऱ्या कवचात भरलेला विद्राव्य पदार्थ, अशी तेव्हाची समजूत होती. डायास्टेज हे कवच फोडून आतील पदार्थ मोकळा करते, असे पायेन आणि पेर्सो यांना वाटले. वस्तुतः ते स्टार्चच्या लांब साखळीतील बंध तोडत असते. नाव चुकीच्या कल्पनेवरून पडले, पण ते टिकले. पुढे फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एमिल द्युक्लो यांनी अशा सर्व पदार्थांच्या नावांना त्यातील शेवटचा प्रत्यय लावण्याची सूचना केली आणि ती सर्वमान्य झाली. 'एंझाइम' हा शब्द मात्र पायेन यांच्या मृत्यूनंतर, १८७० च्या दशकात जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी रूढ केला. आजच्या ज्ञानानुसार पायेन यांचे डायास्टेज हे एकच विकर नसून अल्फा आणि बीटा अमायलेज यांसारख्या विकरांचे मिश्रण होते.

या शोधाचे महत्त्व केवळ पहिलेपणात नाही. जिवंत शरीरात घडणारी क्रिया जिवंत शरीराबाहेर, बाटलीतल्या कोरड्या भुकटीने घडवून आणता येते, हे त्यातून दिसले. १८३५ च्या सुमारास स्वीडनचे बर्झेलियस यांनी उत्प्रेरणाची कल्पना मांडली, तेव्हा डायास्टेज हे त्यांच्या प्रमुख उदाहरणांपैकी एक होते. स्वतः पायेन यांना या तात्त्विक बाजूपेक्षा डायास्टेजने बनणाऱ्या डेक्स्ट्रिनच्या व पाकाच्या उपयोगात अधिक रस होता. त्यांच्या मूळ निबंधाच्या शीर्षकातच औद्योगिक कलांमधील उपयोगाचा उल्लेख आहे.

सेल्युलोज

१८३० च्या दशकात लाकूड हा रासायनिक दृष्ट्या गोंधळाचा विषय होता. निरनिराळ्या झाडांच्या लाकडाचे विश्लेषण केले असता कार्बनचे प्रमाण वेगवेगळे येई. त्यामुळे प्रत्येक जातीचे काष्ठद्रव्य वेगळे असते की सर्वांच्या बुडाशी काही समान आहे, याचा निर्णय होत नव्हता. नान्सी येथील आंरी ब्राकोनो यांनी १८१९ मध्ये लाकूड व जुन्या तागाच्या चिंध्या गंधकाम्लात विरघळवून त्यांपासून साखर मिळविली होती, पण लाकडाचे घटक कोणते, हा प्रश्न तसाच राहिला होता.

पायेन यांनी ओक, बीच इत्यादी झाडांचे लाकूड घेऊन त्यावर नायट्रिक अम्लाची क्रिया केली, मग क्षारीय द्रावणाने धुतले, आणि पाणी, अल्कोहॉल व ईथर यांनी उरलेसुरले पदार्थ काढून टाकले. मागे पांढरा तंतुमय अवशेष राहिला. त्याच्या विश्लेषणात कार्बन सुमारे ४४ टक्के आणि हायड्रोजन ६ टक्क्यांच्या थोडा वर निघाला. हेच प्रमाण त्यांना कापसात मिळाले, कोवळ्या मुळांच्या टोकांत मिळाले आणि बीजांडांच्या कोवळ्या ऊतकांतही मिळाले. विशेष म्हणजे हे प्रमाण स्टार्चच्या प्रमाणाशी जुळत होते. स्टार्च खळीसारखा फुगतो व आयोडिनने निळा होतो, तर हा तंतू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. तरी दोघांची घटना एकच आहे, असा निष्कर्ष पायेन यांनी काढला. समान घटकांचे, पण भिन्न गुणांचे असे हे दोन पदार्थ होत.

मूळ लाकडात कार्बनचे प्रमाण जास्त का येते, याचेही उत्तर त्यातून मिळाले. कोवळ्या पेशीची भित्ती निव्वळ या एका पदार्थाची असते, आणि पेशी जुनी होत जाते तसतसा त्या भित्तीवर व भित्तीत अधिक कार्बनयुक्त असा दुसरा पदार्थ साचत जातो. पायेन यांनी त्याला लेप देणारे किंवा पुटे चढविणारे द्रव्य म्हटले. आज आपण त्याला मुख्यतः लिग्निन या नावाने ओळखतो. विज्ञान अकादमीने पायेन यांच्या निबंधाच्या परीक्षणासाठी नेमलेल्या समितीने १८३९ मध्ये अनुकूल अहवाल दिला. या समितीत झां-बाप्तिस्त द्युमा, पलूझ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रोंन्यार होते. पेशी या अर्थाच्या शब्दावरून बनलेले 'सेल्युलोज' हे नाव त्याच सुमारास रसायनशास्त्राच्या लिखाणात आले.

पायेन यांनी यापुढे जाऊन एक मोठे विधान केले. वनस्पतींच्या पेशींचे आवरण नायट्रोजनविरहित असते, तर प्राण्यांच्या ऊतकांची पटले नायट्रोजनयुक्त असतात, आणि हाच दोन सृष्टींमधील मूलभूत भेद होय, असे त्यांचे म्हणणे होते. हे विधान फार काळ निरपवाद राहिले नाही. १८४५ मध्ये कार्ल श्मिट यांना समुद्रात राहणाऱ्या ट्युनिकेट प्राण्यांच्या आवरणात सेल्युलोजसारखाच पदार्थ आढळला.

फ्रेमी यांच्याशी वाद

सेल्युलोज एकच की अनेक, हा प्रश्न १८५९ मध्ये पुन्हा उपस्थित झाला. पेक्टिनयुक्त पदार्थांवरील संशोधनामुळे प्रसिद्ध असलेले एडमों फ्रेमी यांनी विज्ञान अकादमीपुढे असे प्रतिपादन केले, की वनस्पतींच्या निरनिराळ्या ऊतकांची भित्तीद्रव्ये वेगवेगळी असतात. त्यांचा आधार मॅथियस श्वाइट्झर यांनी नुकत्याच शोधलेल्या तांबे-अमोनिया द्रावणाचा होता. कापूस या द्रावणात विरघळतो, पण काही ऊतके तशीच राहतात, आणि अम्लाची क्रिया केल्यावर मात्र त्यांतील काही विरघळू लागतात. फ्रेमी यांनी अशा पदार्थांना पॅरासेल्युलोज, व्हॅस्क्युलोज अशी स्वतंत्र नावे दिली.

पायेन तेव्हा पासष्टीच्या जवळ आले होते आणि हा हल्ला त्यांच्या आयुष्यातील मुख्य सिद्धांतावरच होता. फ्रेमी ज्यास नवीन पदार्थ म्हणतात ते सेल्युलोजच आहे, आणि त्याला चिकटलेल्या परकीय द्रव्यामुळे ते द्रावणाला दाद देत नाही. अम्ल ते द्रव्य काढून टाकते, एवढेच, असे उत्तर त्यांनी दिले. त्यांनी स्वतः केलेल्या प्रयोगांचे दाखले त्यासाठी पुढे केले. दोन्ही बाजूंचे निबंध अकादमीच्या इतिवृत्तांतून प्रसिद्ध होत राहिले. निवाडा त्या काळच्या साधनांनी होणे कठीण होते, कारण दोघेही ज्याचे तुकडे पाहत होते त्या रेणूची लांबी मोजण्याचा मार्ग कोणाकडे नव्हता. विसाव्या शतकात हेर्मान श्टाउडिंगर आणि इतरांच्या कार्यातून सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या घटकांची लांबच लांब साखळी असल्याचे सिद्ध झाले. स्टार्चमध्ये हे घटक अल्फा बंधांनी जोडलेले असतात व साखळी वळसे घेते, तर सेल्युलोजमध्ये ते बीटा बंधांनी जोडलेले असून साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळीला घट्ट बिलगते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. फ्रेमी यांची नावे मागे पडली आणि पायेन यांचे एकच सेल्युलोज उरले. तथापि भित्तीत सेल्युलोजखेरीज हेमिसेल्युलोजांसारखी अन्य बहुशर्करा द्रव्येही असतात हे पुढे दिसून आले. तेव्हा विविधतेबद्दलचा फ्रेमी यांचा आग्रह अगदीच निराधार होता, असेही म्हणता येत नाही.

या वादाची व्यावहारिक बाजूही होती. कागदासाठी चिंध्या पुरेनाशा झाल्या होत्या आणि लाकडापासून किंवा गवताच्या काडापासून लगदा करण्याचे प्रयत्न याच वर्षांत चालू होते. लाकडातला उपयोगी तंतू आणि त्यावर चढलेली पुटे हे दोन भिन्न पदार्थ आहेत, आणि पुटे रसायनांनी काढून टाकली तर तंतू शाबूत राहतो, हा पायेन यांचा निष्कर्ष रासायनिक लगद्याच्या सर्व पद्धतींच्या मुळाशी आहे.

अध्यापन आणि इतर संशोधन

१८२९ मध्ये स्थापन झालेल्या पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयात पायेन १८३५ मध्ये प्राध्यापक झाले. १८३९ पासून ते कला व हुन्नर यांच्या राष्ट्रीय संस्थेत, म्हणजे काँझर्व्हातवार येथे, उपयोजित रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथील संध्याकाळची व्याख्याने सर्वांना खुली असत आणि त्यांना कारागीर व कारखान्यांतील कामगारही येत. १८४२ मध्ये विज्ञान अकादमीच्या ग्रामीण अर्थव्यवस्था विभागात त्यांची निवड झाली. या व्याख्यानांमधून त्यांचा 'औद्योगिक रसायनशास्त्राचा संक्षेप' हा ग्रंथ तयार झाला. १८४९ मध्ये निघालेल्या या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या झाल्या व जर्मन आणि इंग्रजी भाषांतरेही झाली.

बुसेंगो यांच्यासह त्यांनी विविध खतांतील नायट्रोजनचे प्रमाण मोजून त्यांच्या तुलनात्मक मूल्यांची कोष्टके तयार केली. १८४५ मध्ये बटाट्यावरील करप्याने युरोपभर हाहाकार उडविला, तेव्हा रोगाचे कारण हवामान नसून परोपजीवी बुरशी आहे, या बाजूने मत देणाऱ्यांत पायेन होते. हे मत त्या वेळी अल्पसंख्याकांचे होते. बटाटा, बीट, गहू व द्राक्षवेल यांच्या रोगांवर त्यांनी १८५३ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. कॉफीच्या बियांचा अभ्यास करताना १८४६ मध्ये त्यांनी एका अम्लाला क्लोरोजेनिक अम्ल असे नाव दिले. या अम्लात क्लोरीन मुळीच नाही. हवेत त्याच्या द्रावणाला जो हिरवा रंग येतो, त्यावरून हे नाव पडले. विद्यार्थ्यांचा आजही यात गोंधळ होतो. रबर व गटापर्चा, डांबर आणि अन्नपदार्थांतील भेसळ या विषयांवरही त्यांचे लेखन आहे.

अखेरचे दिवस

१८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. १९ सप्टेंबर १८७० पासून २८ जानेवारी १८७१ पर्यंत पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. नागरिकांवर घोडे, कुत्री व उंदीर खाण्याची पाळी आली. अन्नपदार्थांच्या पौष्टिकतेवर आयुष्यभर काम केलेले पायेन तेव्हा पंचाहत्तरी ओलांडत होते. वेढा उठल्यावर मार्चमध्ये पॅरिस कम्यूनची सत्ता आली आणि सरकारी फौजांनी शहरावर पुन्हा तोफा डागल्या. या धुमश्चक्रीत, कम्यूनच्या रक्तरंजित शेवटाच्या अवघ्या काही दिवस आधी, पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले.

सेल्युलेज विकरे

स्टार्चचे विघटन करणारे विकर १८३३ मध्ये हाती आले, तरी घटना जवळजवळ तीच असलेल्या सेल्युलोजचे विघटन करणारी विकरे समजण्यास आणखी शंभरहून अधिक वर्षे लागली. गुरेढोरे गवत पचवितात आणि पडलेले लाकूड कुजते, हे सर्वांना दिसत होते. अडचण होती ती सेल्युलोजच्या घट्ट, स्फटिकासारख्या रचनेची. तिच्यापुढे एकटे विकर फारसे काही करू शकत नाही.

या अभ्यासाला गती मिळाली ती युद्धातील एका तक्रारीमुळे. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमधील बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू, पट्टे व गणवेश झपाट्याने कुजू लागले. कुजलेल्या कापडांवरील बुरशींचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांपैकी सॉलोमन बेटांवरून आलेला 'क्यूएम ६ ए' हा नमुना सेल्युलोज फोडण्यात विलक्षण समर्थ ठरला. एल्विन रीझ यांनी सहकाऱ्यांसह १८५० नव्हे तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५० मध्ये, असे मांडले की आधी एक घटक स्फटिकमय सेल्युलोज सैल करतो व मग दुसरा साखळ्या तोडतो. रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी मॅसॅच्युसेट्समधील नेटिक येथील सैनिकी प्रयोगशाळेत हे काम दीर्घकाळ चालविले. या बुरशीला १९७७ मध्ये रीझ यांच्या सन्मानार्थ 'ट्रायकोडर्मा रीझाय' असे नाव देण्यात आले.

आज सेल्युलेज कुलातील विकरांचे कार्यानुसार तीन मुख्य गट मानले जातात. एंडोग्लुकानेज साखळी मध्येच कोठेतरी तोडते. सेल्लोबायोहायड्रोलेज साखळीचे मोकळे झालेले टोक आपल्या बोगद्यासारख्या पोकळीत ओढून घेते आणि दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या तोडत पुढे सरकते. ही जोडी म्हणजे सेल्लोबायोज. बीटा-ग्लुकोसिडेज शेवटी सेल्लोबायोजचे ग्लुकोज करते. हे शेवटचे विकर कमी पडले तर सेल्लोबायोज साचते व आधीच्या विकरांचेच काम अडवते, म्हणून तिन्ही गटांचे प्रमाण साधावे लागते. २०१० मध्ये यांत ऑक्सिडीकरणाने साखळी तोडणाऱ्या तांबेयुक्त विकरांची भर पडली.

जीन्सच्या कापडाला जुनाट रूप देणे, धुलाईच्या भुकटीत सुती कापडावरचे फुगलेले तंतू काढणे आणि फळांचा रस नितळ करणे अशा कामांत सेल्युलेज विकरे वापरली जातात. शेतातील काड व उसाची चिपाडे यांपासून इथेनॉल बनविणे, हा त्यांचा सर्वांत चर्चिला जाणारा उपयोग आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलियम फ्युनिक्युलोझम या बुरशीच्या सेल्युलेजवर १९८० च्या दशकात संशोधन झाले. हरियाणातील पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालेला भाताच्या काडापासून इथेनॉल बनविण्याचा प्रकल्प पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर उभा आहे. विकरांची किंमत ही अशा प्रकल्पांची मोठी अडचण राहिली आहे.

स्मरण

अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सेल्युलोजविषयक विभागातर्फे १९६२ पासून आंसेल्म पायेन पुरस्कार दिला जातो. सेल्युलोज व तत्सम पदार्थांच्या रसायनशास्त्रातील उल्लेखनीय कार्यासाठी तो असतो. पॅरिसच्या पंधराव्या विभागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. ग्रनेल आणि व्होजिरार ही त्यांच्या कारखान्यांची गावे १८६० मध्ये शहरात सामील झाली, ती याच विभागात मोडतात. गुस्ताव्ह आयफेल यांनी आपल्या मनोऱ्यावर फ्रान्समधील ७२ शास्त्रज्ञ व अभियंत्यांची नावे कोरविली. त्यांत पायेन यांचे गुरू शव्हरल आहेत, त्यांच्या सेल्युलोजवर अहवाल देणारे द्युमा आणि पलूझ आहेत. पायेन यांचे नाव त्यांत नाही.